नऊ नंबरच्या बेडशेजारचं बेसिन

नोएडातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी चार वर्षं नोकरी केली. हुद्दा होता इन्फेक्शन कंट्रोल नर्स. म्हणजे नक्की काय करतेस, असं नातेवाईक विचारायचे, तेव्हा मी सांगायचे, दुसऱ्यांच्या हातांवर नजर ठेवते. ते हसायचे, पण काम खरोखर तेच होतं. आयसीयूत हातात यादी घेऊन उभं राहायचं आणि पेशंटला हात लावण्याआधी कोण हात धुतं, कोण धूत नाही, याच्या खुणा करायच्या. कुणाच्या लघवीच्या नळीला, कुणाच्या मानेतल्या सलाइनच्या नळीला संसर्ग झाला, त्याची नोंद ठेवायची. आठवड्याला मीटिंग असायची. माझे तक्ते पडद्यावर आले की सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालायचे.

मी कुणालाच आवडत नसे. मला बघून सिस्टर्स एकमेकींना खुणावायच्या, "आ गई पुलिस." त्यांचंही चुकत नव्हतं. एकेकीकडे दोन-दोन, कधी तीन गंभीर पेशंट असायचे, आणि सतत हात धुवून बोटांची कातडी फाटलेली असायची. मोठे सर्जन मात्र राउंडला आले की एका पेशंटची पट्टी उघडून बघायचे आणि त्याच हाताने पुढच्याची. एकदा मी सॅनिटायझरची बाटली पुढे केली तर म्हणाले, "सिस्टर, मैं सीधा ओटी से आ रहा हूँ. मुझसे साफ़ कौन होगा?" मागचे ज्युनिअर हसले. मी यादीत खूण केली. पण महिन्याच्या शेवटी मी वर पाठवायचे तो आकडा एक असायचा आणि बाहेरच्या भिंतीवर लागायचा तो दुसराच.

मी मूळची परभणीची. नर्सिंग नांदेडला झालं. नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे लग्नानंतर इकडे आले, गाझियाबादला घर घेतलं. मेट्रो आणि शेअर रिक्षा करत नोएडा गाठायचं, दिवसभर हिंदीत बोलायचं, आणि घरात शिरल्यावर मुलीशी मराठीत बोललं की तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं चाललेलं असे.

ज्या जंतूची ही गोष्ट आहे, तो आमच्या आयसीयूत मी यायच्या आधीपासून होता. नाव क्लेबसिएला. जंतू कुठल्या औषधाने मरतो ते बघण्यासाठी लॅबमध्ये तपासणी करतात. त्या रिपोर्टवर औषधांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येकासमोर एस किंवा आर. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. आमच्याकडच्या रिपोर्टांवर वरपासून खालपर्यंत आर यायचे. अगदी शेवटी एखादा एस, तोही अशा औषधासमोर की जे जंतूआधी मूत्रपिंडं खाऊन टाकतं. अशा जंतूंना ताकद देणाऱ्या एका जनुकाला शास्त्रज्ञांनी दिल्लीचंच नाव ठेवलंय. नांदेडला पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा वर्गातल्या मुली खोखो हसल्या होत्या. मीही हसले होते.

आयसीयूत नऊ नंबरचा बेड कोपऱ्यात होता, हात धुवायच्या बेसिनला लागून. चौथ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की हा जंतू त्या बेडवरच्या पेशंटांना फार लागतोय. मी कागदावर बेडचा नकाशा काढला आणि लाल पेनाने टिंबं दिली. सगळी टिंबं कोपऱ्यात गोळा झाली. मग मी बेसिनजवळ उभी राहून बघत बसले. उरलेलं सलाइन, औषध, पेशंटचं तोंड पुसलेलं पाणी, सगळं त्याच बेसिनमध्ये ओतलं जात होतं. नळ जोरात सोडला की भोकातून शिंतोडे उडायचे, थेट बेडच्या कठड्यापर्यंत.

लॅबच्या मुख्य डॉक्टर निवृत्तीला आलेल्या बाई होत्या. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, बेसिन के पाइप का स्वॅब लगाएँगे?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "लाओ. लेकिन रजिस्टर में नहीं चढ़ाऊँगी. पहले देख लेते हैं." तीन दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावलं आणि एका साध्या कागदावरचा रिपोर्ट समोर ठेवला. तोच जंतू होता आणि ओळीने तेच आर. मी फोनवर फोटो काढून घेतला.

मी मेडिकल सुपरिंटेंडेंटना टिपण दिलं: नऊ नंबर बंद करा, बेसिन उखडा, भिंतीतला पाइप बदला. ते गृहस्थ गोड बोलणारे होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला.

"सिस्टर, ये कीड़ा तो पूरी दिल्ली में है. हमने थोड़ी पैदा किया?"

"सर, पर बेसिन…"

"बेड बंद करूँगा तो मरीज़ कहाँ रखूँगा? आयसीयू फुल है. और अगले महीने इन्स्पेक्शन है. ऐसे काग़ज़ फ़ाइल में मत रखिए."

टिपण त्यांनी ठेवून घेतलं. बेसिनमध्ये दोन दिवस जंतुनाशक ओतलं गेलं आणि वर एक पाटी लागली, 'केवल हाथ धोने के लिए'. मी त्या पाटीचाही फोटो काढला. माझा आवाज कुणीतरी ऐकला याचंच मला तेव्हा समाधान वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

काकू आल्या त्या इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात. वय सत्तरच्या आसपास. मूळच्या वर्ध्याकडच्या, तरुणपणी स्टेनो म्हणून दिल्लीला आल्या आणि मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. नवरा कधीच गेलेला. गाझियाबादला एकट्या राहायच्या, कारण मुलगा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता आणि तिकडेच राहायचा. काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, दुसऱ्या दिवशी त्या वॉकर धरून दोन पावलं चालल्याही. पण संध्याकाळी दम लागायला लागला, म्हणून फक्त एक दिवस नजरेखाली ठेवायला त्यांना आयसीयूत आणलं. सकाळी मी बेडची यादी बघितली. नऊ नंबर.

मी गेले तेव्हा त्या नाकात ऑक्सिजनची नळी असतानाही सिस्टरला हिंदीत शिकवत होत्या, उशी कशी लावायची ते. मधेच तोंडून "अगं बाई" निघालं. मी मराठीत बोलले तर त्यांचा चेहराच उजळला.

"कुठची गं तू?"

"परभणीची, काकू."

आडनाव विचारलं. सांगितल्यावर क्षणभर थांबून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "जय भीम."

"जय भीम, काकू."

"बरं झालं. म्हटलं इथे आपलं कोणी असेल की नाही."

दुपारी मी परत गेले तेव्हा त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं आणि हळूच म्हणाल्या, "ती पोरगी आहे ना, ती त्या बेसिनमध्ये घाण पाण्याचा डबा ओतते आणि तशीच येऊन माझ्या नळीला हात लावते. चालतं का हे?"

चार वर्षांत कुठल्याच पेशंटने मला असं विचारलं नव्हतं. माझ्या यादीत जे होतं ते त्यांनी पडल्या पडल्या एका दिवसात टिपलं होतं.

"नाही चालत," मी म्हटलं. "मी बोलते."

आणि मी बोलले. त्या मुलीला बोलले, मग इनचार्ज सिस्टरकडे जाऊन म्हटलं की काकूंना तीन नंबरवर घ्या, तो रिकामा आहे. ती म्हणाली, "तीन नंबर सर के कल के केस के लिए है. एक दिन की बात है, कल तो ये वॉर्ड में चली जाएँगी." मी सुपरिंटेंडेंटकडे जाऊ शकले असते. भांडू शकले असते. काकूंच्या मुलाला फोन करून दुसरीकडे न्या म्हणू शकले असते. पण संध्याकाळपर्यंत मला सगळ्या मजल्यांवरच्या सॅनिटायझरच्या बाटल्या भरून घ्यायच्या होत्या, तारखा लावायच्या होत्या, पोस्टर बदलायची होती. तपासणीला येणारे लोक दुसऱ्या दिवशी यायचे होते. एक दिवसाचीच तर बात आहे, असं मीही मनाशी म्हटलं आणि बाटल्या भरायला गेले.

तपासणी उत्तम झाली. आम्हाला पेढे वाटले गेले.

काकूंचा ऑक्सिजन मधेच खाली यायचा, त्यामुळे एका दिवसाचे चार दिवस झाले. पाचव्या दिवशी सकाळी त्यांना हुडहुडी भरली. दुपारपर्यंत रक्तदाब पडला. रक्त तपासायला पाठवलं. लॅबच्या मॅडमनी मला रिपोर्ट छापायच्या आधीच फोन केला. एवढंच म्हणाल्या, "वही है."

शेवटच्या एसवालं औषध सुरू झालं. लघवी कमी होत होत थांबली. डायलिसिस लागलं, मग श्वासाचं मशीन. तोंडात नळी गेल्यावर त्या बोलू शकत नव्हत्या, पण अजून शुद्धीत होत्या. हाताने लिहिण्याची खूण केली तर मी पॅड धरलं. त्यांनी मुलासाठी लिहिलं: गॅसवाल्याला परत पाठवू नकोस, शेजारणीकडे किल्ली आहे, कुंड्यांना पाणी. अक्षर वाकडं, तरी वाचता येण्यासारखं. मग पेन माझ्याकडे दिलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

काकू पुढच्या गुरुवारी गेल्या.

मुलगा मानेसरहून कारखान्याच्या गणवेशातच आला होता, छातीवर ओळखपत्र तसंच. त्याच्या विभागाचं काम गुणवत्ता तपासण्याचं होतं, हे मला काकूंनी कौतुकाने सांगितलेलं होतं. कागदपत्रं होईपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसला होता. मला बघून उठला.

"ताई, आईचं हाड मोडलं होतं. हाड मोडून माणूस मरतं का?"

"दादा, इन्फेक्शन झालं रक्तात."

"कुठून झालं?"

अशा वेळी काय सांगायचं ते आम्हाला ठरवून दिलेलं होतं. मी स्वतःच इतर सिस्टर्सना ते शिकवलेलं होतं. मी म्हणाले, "वय झालं की प्रतिकारशक्ती कमी होते. हा जंतू आपल्याच आतड्यात असतो. शरीर अशक्त झालं की तो डोकं वर काढतो."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर ती आमच्याकडून पाठ करून घेतली होती.

त्याने छातीवरचं ओळखपत्र सरळ केलं. मग म्हणाला, "आमच्याकडे एक पार्ट जरी खराब निघाला ना ताई, तरी लाइन थांबवतात. का झालं, मग ते का झालं, असं पाच वेळा विचारायचं, तोवर लाइन सुरू नाही करायची. म्हणून विचारतोय. इथे काही राहून गेलं का?"

"नाही दादा. सगळे प्रयत्न झाले."

त्याने हात जोडले. "तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार. तुम्ही आपल्या आहात."

मी चार वर्षं त्या इमारतीत हिंदीत पुष्कळ वेळा असंच बोलले होते. मराठीत पहिल्यांदाच बोलले. मृत्यूच्या दाखल्यावर सेप्टिक शॉक, अवयव निकामी, खुब्याचं ऑपरेशन वगैरे सगळं होतं. हा संसर्ग हॉस्पिटलात झाला, एवढंच त्यावर नव्हतं. तसं लिहायला त्यावर रकानाही नसतो.

नऊ नंबरवर दुसऱ्याच दिवशी नवा पेशंट आला.

महिनाभराने आमच्याच मोठ्या सर्जनचे सासरे हृदयाच्या त्रासाने भरती झाले. आयसीयूत एकच जागा होती, नऊ नंबर. मी तिथेच उभी होते. सर्जन इनचार्जला हळू आवाजात म्हणाले, "उस कोने में नहीं." म्हणजे त्यांना माहीत होतं. माझं टिपण वाचलं गेलं होतं, आणि कदाचित पुष्कळांनी वाचलं होतं. सासऱ्यांसाठी तीन नंबर रिकामा झाला आणि दोन दिवसांत प्लंबर आले. बेसिन उखडलं तेव्हा पाइपच्या आतून शेवाळासारखा जाड, राखाडी गाळ निघाला. प्लंबरने तो उघड्या हातांनी बादलीत टाकला. मी ओरडून त्याला हातमोजे दिले. काम एका दुपारचं होतं.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू लिहून दिलं होतंस ना? मग तुझा काय दोष?" मी म्हटलं, मी लिहून दिलं आणि मग बाटल्या भरल्या. त्याला घसा दुखत होता. बोलता बोलता त्याने शेजारच्या केमिस्टकडून आणलेली अँटिबायोटिकची गोळी पाण्याबरोबर घेतली. मी त्या पाकिटाकडे बघत राहिले. दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं की उरलेल्या डब्यात जातात, सोसायटीतल्या प्रत्येक घरात तसा डबा आहे. मी त्याला कितीदा सांगितलंय. मी सगळ्यांनाच सांगत असते.

काकूंच्या पुण्यानुमोदनाला मी जाऊ शकले नव्हते, किंवा गेले नव्हते. बेसिन निघाल्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मुलगा घर आवरायला आला होता. हॉलमध्ये बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली काकूंचा नवा फोटो. त्याने चहा केला, बायकोला माझी ओळख करून दिली, "आईला शेवटी यांनीच बघितलं." मला पुढे ऐकवेना. मी फोन काढला आणि दोन्ही फोटो त्याच्यासमोर ठेवले, रिपोर्टचा आणि पाटीचा. सगळं सांगितलं, तीन नंबरचंही आणि बाटल्यांचंही.

तो आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. त्याने फोटो मोठा करून तारीख वाचली. मग परत वाचली.

"हे आई भरती व्हायच्या आधीचं आहे."

"हो."

"मी बाकावर बसलो होतो तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

त्याची बायको चहाचे कप उचलून आत गेली. माझा कप भरलेलाच होता.

त्याने जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. मी साक्ष द्यायचं कबूल केलं आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. नाहीतर त्यांनीच काढलं असतं. तीन डॉक्टरांची समिती बसली. हॉस्पिटलने फायली दिल्या. सगळ्या फायली नीट होत्या, कारण चार वर्षं त्या मीच नीट ठेवल्या होत्या. हात धुण्याचे तक्ते, बाटल्यांच्या तारखा, तपासणीचं प्रमाणपत्र. माझं टिपण मात्र त्यात कुठे नव्हतं. माझ्याकडच्या फोटोवर एकाने विचारलं, "यह रिपोर्ट किस रजिस्टर की है? नंबर कहाँ है?" नंबर नव्हता. रजिस्टरमध्ये चढवायचं नाही, या अटीवरच तर ती तपासणी झाली होती. लॅबच्या मॅडम तोवर निवृत्त होऊन मुलीकडे परदेशी गेल्या होत्या. मी मेसेज केला तर उत्तर आलं, 'अब मुझे मत घसीटो, बेटा.' आणि बेसिन? ते नूतनीकरणात बदललं होतं, त्याचे कागद होते.

निकाल आला की हलगर्जीपणा सिद्ध होत नाही, अशा शस्त्रक्रियेनंतर संसर्ग ही ज्ञात गुंतागुंत आहे. एका वाक्यात माझाही उल्लेख होता, नाव न घेता: नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याचा आकस नाकारता येत नाही.

मी त्याला फोन केला. वाटलं, आता वर अपील करू म्हणेल, वकील बघू म्हणेल. माझी तयारी होती. मी तसं म्हटलंही.

"नको, ताई," तो म्हणाला. "मी थकलो."

"दादा, त्या लोकांनी मुद्दाम कागद काढून टाकले. आपण सोडायचं का त्यांना?"

पाठीमागून कारखान्याचा भोंगा ऐकू आला, बहुतेक पाळी बदलत होती.

"त्यांचं मला फार वाटत नाही," तो म्हणाला. "ते कोण, कुठले. मला कधी वाटलंच नव्हतं ते खरं बोलतील म्हणून. पण आईला आयसीयूत नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे आलो होतो. तुम्ही मला लिफ्टजवळ भेटलात. काळजी करू नका म्हणालात. तेव्हा फक्त म्हणाला असतात, इथून हलवा. एवढंच. मी उचलून नेलं असतं तिला."

ते मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. बाटल्यांची पेटी घेऊन मी लिफ्टजवळ उभी असणार आणि समोर आलेल्या कुठल्याही नातेवाइकाला जे म्हणायची सवय होती ते म्हणाले असणार.

"ठेवतो, ताई," तो म्हणाला, आणि त्याने खरोखरच सभ्यपणे, आधी सांगून, फोन ठेवला.

मी आता गाझियाबादच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. ते हॉस्पिटल चालू आहे, वाढलंय. काकूंच्या मुलाला मी पुन्हा फोन केलेला नाही.